भरून परत आलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. मोटारीचं नाही आणि बोटीचंही नाही. पाण्यावर मोटारसायकलसारखं बसून जी जेट स्की पळवतात, तिच्या पोटात मी राहत होतो. आता बहरीनमधल्या सित्रा बेटावरच्या एका अंगणात बदामाच्या झाडाखाली पडून आहे आणि पुन्हा कधी सुरू होईन असं मला वाटत नाही. माझी हकीकत गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून माझ्यावर रुसू नका.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. दोन सिलिंडर, दोन पिस्टन, चकचकीत अंग. तेव्हा मला स्वतःचा फार गर्व होता. जहाजातून मी बहरीनला आलो आणि एका समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने जेट स्की देणाऱ्या माणसाकडे लागलो. सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत पोरं माझ्यावर बसायची, किंचाळायची, माझं कौतुक करायची. "काय पळतंय! वारा आहे नुसता!" असं कोणी म्हटलं की मी आणखी जोरात पळायचो. मालकाने मात्र मला कधी गोड्या पाण्याने धुतलं नाही. खारं पाणी माझ्या अंगात तसंच वाळायचं आणि आतून मला कुरतडायचं. वरून मी चकाकत होतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता आमच्या जातीची एक खोड तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मोठ्या गाड्यांच्या इंजिनात तेल खाली वेगळं साठवलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. आम्हा टू-स्ट्रोकवाल्यांचं तसं नाही. आम्हाला पेट्रोलच्या प्रत्येक घोटाबरोबर थोडं तेल लागतं, आणि ते जळून जातं, म्हणून दर घोटाला नवं. ते मिळालं नाही की पिस्टन कोरडा घासतो, तापतो, फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटून बसतो. मग देव जरी आला तरी तो हलत नाही. हे तेल मला पाजायला माझ्या अंगावर एक छोटासा पंप बसवलेला होता. एका भर उन्हाळ्यात त्या पंपाने दगा दिला. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मी जाम झालो. वर बसलेला माणूस हसत हसत पोहत बाहेर आला, म्हणून त्या वेळी ती गोष्ट गमतीवारी गेली.

मालकाने मला भंगारात टाकलं. फाटक्या ताडपत्रीखाली किती उन्हाळे गेले, मी मोजले नाहीत. पाली आल्या, वाळू आली, गंज आला. ज्याला लोक वारा म्हणत होते, त्याच्याकडे आता कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तिथून मला फाधेलने उचललं.

फाधेल सित्राचाच. शाळेची बस चालवायचा. त्याचा बाप, आजोबा, सगळे मासेमार. याच्या वाट्याला बस आली, पण समुद्र काही डोक्यातून गेला नाही. तारेचे दोन मासे पकडायचे पिंजरे त्याने जवळच्या पाण्यात टाकून ठेवलेले असायचे आणि ते बघायला तो कोणाच्या ना कोणाच्या होडीत जागा मागायचा. दुसऱ्याच्या होडीत बसायचा त्याला कंटाळा आला होता. घरातला जुना जनरेटर देऊन त्याच्या बदल्यात त्याने मला, माझ्या जेट स्कीसकट, हातगाडीवर घालून घरी आणलं.

त्याची बायको मक्किया दारात उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाक मुरडलं.

"बू-बतूल, चालता जनरेटर दिलात आणि हे आणलंत?" ती म्हणाली. त्यांच्या मुलीचं नाव बतूल, म्हणून ती नवऱ्याला बतूलचा बाप या अर्थाने तशी हाक मारायची.

"चालेल गं हे पण. फक्त उघडून पुन्हा बांधायचंय."

"तुम्हाला घड्याळाचा सेल बदलता येत नाही."

"म्हणूनच तर घड्याळ आणलं नाही."

मक्किया हसली नाही असं दाखवत आत गेली. पण तेव्हापासून अंगणात माझं काम सुरू झालं की ती चहा घेऊन यायची आणि मग जायची नाही. पाना दे, हातोडी दे, टॉर्च धर, असं करता करता तिला माझं सगळं पोट पाठ झालं. फाधेल प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायचा. हा बोल्ट इथला, ही सील अशी बसते, हे का काढलं, ते का ठेवलं. बोलल्याशिवाय त्याचे हातच चालायचे नाहीत.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते दिवस सर्वांत सुखाचे. लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून त्याने माझे दोन भाग वेगळे केले. गंजलेली बेअरिंग काढली. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून तासून, आणले, नवे पिस्टन आणले. पिस्टनमध्ये पिन घालायची तर पिस्टन गरम हवा आणि पिन थंड हवी, म्हणून त्याने पिस्टन मक्कियाच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि पिना फ्रीजरमध्ये साफी माशांच्या पिशवीवर.

"ओव्हनला तेलाचा वास लागला तर तुमचं इंजिनच खायला घालीन," मक्किया म्हणाली.

"घाल. मचबूसच्या भातावर ठेव. तुझ्या हातचं काहीही गोड लागतं."

पिन एका दमात आत गेली आणि दोघंही लहान पोरांसारखी ओरडली. शेवटी त्याने माझी सगळी तोंडं बंद केली, सायकलच्या पंपाने आत हवा भरली आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी सांध्यांवर टाकलं. कुठे बुडबुडा येतो का ते बघत दोघं माझ्यावर वाकून बसले. एकही बुडबुडा आला नाही. मला कोणी एवढ्या काळजीने कधी तपासलं नव्हतं.

तेलाच्या त्या जुन्या पंपाचा फाधेलला राग होता. "या हरामखोरानेच मारलं होतं याला," असं म्हणून त्याने तो उपटून काढला आणि एका बिस्किटांच्या डब्यात टाकला. त्याच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी कापून पक्की बसवली, नळ्यांच्या तोंडांना रबरी टोप्या घातल्या. आता तेल आपल्या हाताने पेट्रोलमध्ये मिसळून द्यायचं, म्हणजे पंपावर भरवसा ठेवायला नको. पुष्कळ जाणकार तसंच करतात आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. एका कॅनमध्ये पेट्रोल, त्यात चहाच्या छोट्या ग्लासाने मोजून निळं तेल, कॅन हलवला की पेट्रोल निळसर व्हायचं. मक्कियाचा एक चहाचा ग्लास त्या कामात कायमचा गेला.

एवढं सगळं झालं, पण जेट स्कीच्या पुढच्या भागातली तेलाची वेगळी टाकी भरलेलीच राहिली. तिचं आता काही काम नव्हतं. "नंतर काढू," फाधेल म्हणाला आणि विसरला. त्या भरलेल्या टाकीकडे बघून मला तेव्हाही बरं वाटलं नाही. पण मला सांगता कुठे येतं?

मी सुरू झालो तेव्हा शेजारपाजारची माणसं भिंतीवरून डोकावून बघत होती. फाधेलने मला नव्या सुनेसारखं वागवलं. आधी हळू, मग थोडं जोरात, दमलं की थांब. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने आंघोळ. पिंजऱ्यांपर्यंत जायचं, मासे घ्यायचे, परत यायचं. दर वेळी निळसर पेट्रोल. माझी काहीच तक्रार नव्हती. म्हाताऱ्याला दुसरं तारुण्य मिळावं तसा मी वागत होतो.

फाधेलचा धाकटा भाऊ शुब्बर. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून फाधेलनेच त्याला वाढवलं आणि मक्कियाने तर त्याला पोटच्या पोरासारखं पाहिलं. दुसऱ्याच्या घरून आणलेली वस्तू रिकामी परत द्यायची नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. शेजारणीची परात आली तर मक्किया त्यात भात नाहीतर खजूर घालूनच ती परत पाठवायची, आणि ती न्यायला शुब्बरच जायचा. आता तो एका मोठ्या दुकानात कामाला होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. एका गुरुवारी तो आला आणि जरा लाजत म्हणाला, "दादा, तिचे भाऊ येणार आहेत उद्या, मनामाहून. समुद्रावर जायचं म्हणतात. तुझी जेट स्की नेली तर चालेल का?"

"विचारतोस काय? ने की!" फाधेल म्हणाला. त्याची छाती फुगली. धाकट्या भावाच्या सासरच्या माणसांसमोर आपल्या घरची वस्तू मिरवणार, आणखी काय हवं! त्याने त्याच संध्याकाळी माझी टाकी निळसर पेट्रोलने गळ्यापर्यंत भरली.

मक्किया बाजूलाच होती. "त्याला तेलाचं सांगा बरं का," ती म्हणाली. "म्हणजे संपलं तर साधं पेट्रोल घालायचा नाही."

"वेडी आहेस का? जाताना पेट्रोलचं नाव काढलं तर त्याला काय वाटेल? दादा म्हणतोय, भरून आण. भावाला वस्तू द्यायची आणि वर पेट्रोल मागायचं?"

"मागा कोण म्हणतंय? नुसतं सांगा."

"एकच आहे ते. टाकी काठोकाठ भरलीय, संपायची नाही. आणि त्याच्या सासरच्यांसमोर हा विषयच नको."

त्यांच्या वस्तीत ही रीतच आहे. वस्तू देताना तिच्या खर्चाबद्दल बोलणं म्हणजे हात आखडणं. मलाही ते ऐकताना मोठेपणाचंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी शुब्बर मला घेऊन गेला. त्याचे होणारे मेहुणे जाडजूड, मोठ्या आवाजाचे आणि पेट्रोल जाळण्यात पटाईत. दुपारपर्यंत त्यांनी माझी टाकी जवळजवळ कोरडी केली. मी हसत खेळत पळत होतो, कारण पोटात अजून फाधेलने मिसळलेलंच होतं. मग शुब्बरने मला ट्रेलरवर चढवलं आणि थेट पेट्रोलपंपावर नेलं.

तो अडाणी नव्हता, मित्रांनो. टू-स्ट्रोकला तेल लागतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने पुढचं झाकण उघडून तेलाची टाकी बघितली. ती भरलेली होती. "तेल आहे," तो मेहुण्याला म्हणाला, "पंप आपोआप घेतो." आणि त्याने साधं, पाण्यासारखं स्वच्छ पेट्रोल माझ्या टाकीत काठापर्यंत ओतलं.

मेहुणा म्हणाला, "एवढं कशाला? भाऊच आहे ना तुझा?"

"भाऊ आहे म्हणूनच. वहिनीच्या घरची वस्तू रिकामी परत जात नाही."

त्याने मला धुतलं, पुसलं, आणि फाधेल बसवर असताना अंगणात आणून ठेवलं. मक्कियाला त्याने काही सांगितलं नाही. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं, हेही त्याला तिनेच शिकवलं होतं.

मी अंगणात उभा होतो आणि माझ्या पोटात मरण भरलेलं होतं. मरण म्हणतो मी त्याला, दुसरा शब्द मला माहीत नाही. ओरडावंसं वाटत होतं. पण लोखंडाला तोंड नसतं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी वारा पडला. पान हलत नव्हतं आणि समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट होता. आमच्याकडच्या माणसांना अशी शांतता आवडत नाही. शेजारचे म्हातारे हज्जी अब्दुन्नबी भिंतीपलीकडून म्हणाले, "फाधेल, शमाल येतोय बघ. संध्याकाळपर्यंत येईल. पिंजरे बाहेर असतील तर आण." शमाल म्हणजे वायव्येचा वारा. हिवाळ्यात तो सुटला की पिंजऱ्यांच्या दोऱ्या तुटतात आणि ते कुठल्या कुठे जातात.

फाधेल बस उभी करून आला तो तसाच माझ्याकडे आला. टाकीचं झाकण उघडलं आणि थबकला. पेट्रोल काठापर्यंत होतं.

"मक्किया!" त्याने हाक मारली. "शुब्बरच्या मेहुण्यांनी चालवलीच नाही गं! मी भरली होती तशीच आहे. पाण्याला घाबरली वाटतं शहरातली पोरं!"

तो हसला. मक्किया दारात आली, पण हसली नाही.

"एकदा फोन करून विचारा की त्याला."

"काय विचारू? तुझ्या सासरचे भित्रे आहेत का?"

"तसं नाही हो..."

"अगं, वारा येतोय. जाऊन येतो. भाताला फोडणी घाल."

टाकीच्या अंधारात पेट्रोलचा रंग दिसत नव्हता. त्याने एक थेंब जरी बोटावर घेतला असता तरी कळलं असतं. झाकण बंद झालं तेव्हाचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे. फाधेलने लाइफ जॅकेट घातलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या कप्प्यात ठेवला आणि मला पाण्यात ढकललं.

सुरुवातीला मी नीट चाललो. माझ्या अंगाला, नळ्यांना जुनं तेल थोडंफार चिकटलेलं होतं, ते मी चाटून चाटून पुरवत होतो. पिंजऱ्यांपर्यंत आम्ही पोचलो. पहिला पिंजरा त्याने ओढून मागे बांधला. दुसऱ्यात साफी मासे होते, तो खूश झाला, काहीतरी गुणगुणू लागला. तेवढ्यात उत्तरेकडचं पाणी काळं पडलं. बघता बघता ती काळी रेघ आमच्याकडे धावत आली आणि वारा सुटला.

फाधेलने माझं तोंड घराकडे वळवलं आणि पूर्ण वेग दिला. समोरून वारा, समोरून लाटा, आणि माझ्या आत आता तेलाचा एक थेंब उरला नव्हता. पुढचा पिस्टन आधी किंचाळला. मी जमेल तेवढं सहन केलं. वेग कमी होत होता हे त्याला जाणवलं. "चल बाबा, चल," तो म्हणाला आणि माझ्या बाजूवर हात थोपटला. नवीन बांधताना थोपटायचा, अगदी तसाच. त्या हाताखाली मी जाम झालो.

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आत खट्ट वाजायचं आणि काहीच हलायचं नाही. तो चांगला मासेमार होता, घाबरला नाही. कप्प्यातला फोन काढायला तो पुढे वाकला आणि तेवढ्यात आडवी लाट आली. जेट स्की एका अंगावर कलली आणि तो पाण्यात पडला. फार लांब पडला नव्हता. एरवी तो दोन हात मारून परत चढला असता. पण माणूस पाण्यात खोल बसतो आणि जेट स्की हलकी, पाण्यावर तरंगणारी. वारा तिला ढकलतो तेवढ्या वेगाने माणसाला पोहता येत नाही.

मित्रांनो, मी त्याच्यापासून लांब जात होतो. मला जायचं नव्हतं. तो हात मारत होता, थांबत होता, पुन्हा हात मारत होता. आधी तो मला हाका मारत होता, जसं काही मी थांबू शकणार होतो. मग बायकोचं नाव घेऊन हाका मारू लागला. मग वाऱ्याच्या आवाजात काही ऐकू येईना. थोड्या वेळाने पुढच्या कप्प्यात फोन वाजू लागला. मक्किया असणार. तो वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा, आणि माझ्या शेजारी तो उचलायला कोणी नव्हतं.

मला गस्तीच्या बोटीने शोधून आणलं. फाधेल दक्षिणेकडच्या मासेमारांना सापडला. जॅकेट अंगात होतं. थंड पाण्याने त्याचा जीव घेतला होता.

मग घरात माणसं भरली. पुरुष वस्तीतल्या मातमच्या, म्हणजे शोकाला जमायच्या, दालनात बसायचे, बायका घरात. कॉफीचा वास माझ्यापर्यंत अंगणात यायचा आणि रडण्याचा आवाज. शुब्बरला मात्र दालनात बसवेना. तो मधूनच अंगणात यायचा आणि माझ्याकडे बघत उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी मक्किया पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ आली.

"वहिनी, मला कळत नाही," तो रडत रडत म्हणाला. "पेट्रोल तर संपलंच नसणार. मी स्वतः काठोकाठ भरून ठेवलं होतं गं. तू शिकवलंयस तसं. दादाला सांगितलंही नाही. मग बंद कशाने पडलं?"

मक्कियाचा तांब्या धरलेला हात तसाच राहिला. तिचा चेहरा मी पाहिला. आधी तिला काही कळलं नाही आणि मग सगळं एकदम कळलं. तिने मान खाली घातली.

"पाणी पी," ती म्हणाली.

"मी उघडणार आहे ते इंजिन. शोकाचे हे तीन दिवस होऊ देत. मला बघायचंय काय झालं ते. माझा दोष असेल तर..."

"तुझा काय दोष असणार? पाणी पी आधी."

तिसऱ्या दिवशी दुपारी पुरुष सगळे दालनात होते. मक्किया घरातल्या बायकांना, जरा मोकळ्या हवेत बसते, असं सांगून मागच्या दाराने एकटी बाहेर आली. काळ्या अबायाच्या बाह्या तिने वर सारल्या. आधी टाकीत चमचा बांधलेली दोरी सोडून थोडं पेट्रोल वर काढलं. ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. ती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, म्हणजे आतल्या बायकांना ऐकू जाऊ नये. मला वाटलं, आता उठेल आणि ओरडून सगळ्यांना सांगेल.

ती उठली आणि तिने बिस्किटांचा डबा आणला. त्यात तो जुना पंप होता.

पाने कुठे आहेत, कोणता कुठल्या बोल्टला लागतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने ॲल्युमिनियमची पट्टी काढली आणि तिच्या जागी तो दगाबाज पंप माझ्या अंगावर परत बसवला. रबरी टोप्या काढून नळ्या जोडल्या. बोल्टवरची चमक दिसू नये म्हणून त्यांच्यावर मातीचा हात फिरवला. आतून कोणीतरी "मक्किया, कुठे गेलीस गं?" म्हणून हाक मारली, तेव्हा "आले, आले" म्हणत तिने शेवटचा बोल्ट आवळला. ती पट्टी, जी फाधेलने दोन संध्याकाळ घासून घासून नीट केली होती, तिने अबायाखाली लपवून आत नेली. निळं तेल मोजायचा ग्लास आणि कॅनही दिसेनासे झाले.

नंतर शुब्बरने मला जेट स्कीतून बाहेर काढलं, हेड उघडलं, ओरखडलेले पिस्टन पाहिले. मग त्याची नजर पंपावर गेली. त्याने पंप काढला, बोटाने फिरवून बघितला. तो अडकत होता.

"पंप गेला होता, वहिनी," तो म्हणाला. "तेलच पोचलं नाही."

मक्किया त्याच्यासमोर उभी होती. "असं?" ती म्हणाली.

शुब्बर रडायला लागला, पण त्याच्या रडण्यातलं ओझं उतरलेलं होतं. ते मला कळलं, तिलाही कळलं. मग तो रागाने म्हणाला, "अडकणारा पंप सगळे काढून टाकतात गं! शिकाऊ पोरालाही माहीत असतं. दादा एवढी जोडाजोड करत बसला आणि हे एवढं केलं नाही? एवढा निष्काळजीपणा! स्वतःचा जीव घालवला त्याने!"

मक्कियाच्या मनात काय झालं असेल, याची कल्पना तुम्ही करा. ज्या माणसाने साबणाच्या पाण्याने माझा प्रत्येक सांधा तपासला होता, तो तिच्याच अंगणात निष्काळजी ठरत होता आणि आत घरात त्या पट्टीच्या रूपाने त्याची साक्ष लपवलेली होती. एका शब्दाने ती नवऱ्याची लाज राखू शकली असती. तोच शब्द शुब्बरला जन्मभर जाळत राहिला असता.

"हो रे," ती म्हणाली. "चुकलं त्यांचं."

त्यानंतर ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण तेव्हा मला वाटलं की माझे तुकडे करून कोणी भट्टीत टाकले तर बरं होईल. आता वस्तीतले लोक फाधेलचं नाव निघालं की हळहळतात आणि वर म्हणतात, "माणूस चांगला, पण जरा धांदरट." मक्किया ऐकते. बतूलही मोठी होईल तशी ऐकेल. मला सगळ्यांत जास्त वाईट त्याचं वाटतं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आपली वस्तू कोणाच्या हातात देताना तिची खोड त्याला सांगा. तिला काय चालतं, काय चालत नाही, ते तोंड उघडून बोला. समोरच्याला तुम्ही कद्रू वाटलात तर वाटू दे. आणि कोणाची वस्तू आणलीत तर, हिला काय लागतं हो, असं विचारायला लाजू नका. फाधेल चांगला होता, शुब्बर चांगला होता, मक्किया तर दोघांहून चांगली. तिघांनीही एकमेकांचा मान राखला आणि जे बोलायला हवं होतं ते कोणीच बोललं नाही. आम्ही वस्तू मुक्या आहोत, आमचा इलाज नाही. तुम्हाला देवाने तोंड दिलं आहे.

आणि हे मी तुम्हाला सांगितलंय ते तुमच्यापाशीच ठेवा. शुब्बरला मागच्या महिन्यात मुलगा झाला. त्याने त्याचं नाव फाधेल ठेवलंय.